सुरतेत एक दिवस, साडेतीनशे वर्षांचा

सुरत स्टेशनाबाहेर या आणि रिक्षावाल्याला ‘चौक बाजार’ एवढंच सांगा. जानेवारी आहे. हवेत बेताचा गारवा आहे आणि तापीकाठी पोंकाच्या पाली लागल्या आहेत. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. इथे तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. पण खाणं संध्याकाळी. सकाळ किल्ल्याची.

आजचा दिवस गावाच्या इतिहासाला दिला आहे आणि त्याची अट एकच आहे. जिथे उभे राहाल तिथलंच पाहायचं, आणि तिथे राहणाऱ्यांच्या बाजूनं पाहायचं. आपण मराठी माणसं सुरतेकडे मनानं कायम दख्खनेतून येत आलो. शाळेच्या पुस्तकातला सुरतेचा धडा घोड्याच्या पाठीवरून सांगितलेला आहे आणि तो आपल्याला तोंडपाठ आहे. तो खोटा नाही, अपुरा आहे. आज तुम्हाला घोड्यावरून खाली उतरायचं आहे.

रिक्षा चौकात थांबते. समोर तापी, काठावर किल्ला. सोळाव्या शतकाच्या मध्याला गुजरातच्या सुलतानाचा सरदार खुदावंद खान यानं तो बांधला. समुद्रातून येऊन गावं जाळणाऱ्या पोर्तुगीजांचा तेव्हा धाक होता. पलीकडच्या तीरावरचं रांदेर, जे सुरतेहून जुनं, ते त्यांनी 1530 साली जाळलं होतं. भिंतीवर तळहात टेकवा. उन्हानं दगड नुकता कुठे तापायला लागलाय. हात काढाल तेव्हा स्कूटरचे हॉर्न थांबलेले असतील.

मंगळवार, 5 जानेवारी 1664

तापी तीच आहे, पण तिच्यावर एकही पूल नाही. पात्रात मचवे आणि पडाव दाटीवाटीनं उभे आहेत. मोठी जहाजं इथवर येत नाहीत, ती समुद्राजवळ सुवाळीला नांगर टाकतात आणि माल लहान होड्यांतून, बैलगाड्यांतून शहरात येतो. नाकाला आधी नीळ कळते, मग मिरी, मग भिजलेलं सुती कापड. जकातीच्या ओट्यावर गठ्ठे फोडून मोजले जात आहेत. तुमच्या शेजारी उभा असलेला आर्मेनियन व्यापारी दलालाशी गुजरातीत हुज्जत घालतोय. त्याच्या मागे मक्केला निघालेल्या यात्रेकरूंचा तांडा बसलाय. हिंदुस्तानातली हजची जहाजं इथूनच सुटतात, आणि या यात्रेकरूंसाठी शाहजहानच्या काळात, 1644 साली, बांधलेली सराई इथून जवळच आहे. आज तिच्यात सुरत महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे. तेव्हा तिच्या अंगणात अंथरुणं आहेत.

एक काळजी घ्या, मराठीत बोलू नका. सकाळपासून बाजारात एकच बातमी फिरतेय. दक्षिणेला गणदेवीपाशी मोठं घोडदळ दिसलं आहे. पुढे आलेले स्वार सांगतात की हा बादशाही सरदार आहे, पाटणकडचं बंड मोडायला निघाला आहे. दुपारपर्यंत कुणाचाच त्यावर विश्वास उरत नाही. घोडदळ उधन्याला पोचलं आहे, आणि उधना म्हणजे शहराचा उंबरा. ‘शिवाजी’ हे नाव आधी कुजबुजीत ऐकू येतं, मग मोठ्यानं.

आता घाटाकडे पाहा. ज्यांच्याकडे बैलगाडी आहे ते गाडीनं निघालेत, ज्यांच्याकडे होडीचं भाडं आहे ते होडीनं. बायका पोरांना काखोटीला मारून पाण्यात उतरताहेत. मचव्याचं भाडं तासागणिक वाढतंय. किल्ल्याच्या दरवाज्यापाशी दुसराच व्यवहार चाललाय : मोठे व्यापारी किल्लेदाराच्या हातावर पैसे ठेवून कुटुंबासह आत शिरताहेत. सुभेदार इनायत खान त्यांच्याही आधी आत गेला आहे.

शहराला पक्का तट नाही. पाचशे शिपायांचा पगार सरकारी वसुलीतून दर वर्षी निघतो, पण तो सुभेदाराच्या खिशात जातो आणि शिपाई नुसते कागदावर आहेत. हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. इतक्या श्रीमंत शहराचं रक्षण करायला आज मंगळवारी कुणीही नाही. इंग्रज आणि डच आपापल्या कोठ्यांची दारं लावून तोफा रोखताहेत, ती त्यांच्या मालापुरती. इंग्रजांचा प्रमुख जॉर्ज ऑक्झंडन आपल्या मोजक्या माणसांना घेऊन ढोल आणि तुतारी वाजवत रस्त्यांवरून फिरतो. लोक त्याच्याकडे पाहतात आणि पुन्हा घाटाकडे धावतात.

बुधवारी सकाळी बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत महाराजांचा तंबू उभा राहतो. हा रस्ता बुऱ्हाणपूरकडे, म्हणजे खानदेशाकडे जातो; तो लक्षात ठेवा, संध्याकाळी लागणार आहे. आदल्या रात्रीच सुभेदाराला आणि तीन बड्या व्यापाऱ्यांना निरोप गेला होता : समक्ष या, खंडणी ठरवा. त्या तिघांत विरजी व्होरा आहे, जो इंग्रजांच्या कंपनीलाही कर्ज देतो. उत्तर आलं नाही. मग शहरात घोडी शिरली.

तुम्हाला पळून जायचं असेल, तरी थोडं थांबा. तंबूत बसलेल्या माणसाची बाजूही याच मातीवरून समजून घ्यायची आहे. शायिस्तेखान तीन वर्षं पुण्यात तळ देऊन बसला होता. त्या तीन वर्षांत मावळातली किती खेडी उजाड झाली आणि किती दाणागोटा मुघल फौजेच्या घोड्यांनी खाल्ला, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. लाल महालातला छापा होऊन वर्षही उलटलेलं नाही. स्वराज्याची तिजोरी रिकामी आहे आणि मुघलांचं सगळ्यात भरलेलं बंदर हे आहे. याच वर्षी नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी होणार आहे. पैशाची गरज कुठे होती, ते त्यावरून कळतं.

गुरुवारी सुभेदाराचा एक तरुण वकील बोलणी करायला म्हणून छावणीत येतो आणि बोलता बोलता खंजीर काढून महाराजांवर झेपावतो. अंगरक्षकाची तलवार मध्येच फिरते, वकिलाचा हात तुटून पडतो, पण अंगातला जोर तसाच असल्यानं तो महाराजांवर आदळतो. दोघे जमिनीवर. रक्त पाहून छावणीत हाकाटी होते की महाराज गेले, आणि सैन्यातून कैद्यांची कत्तल करा अशी आरोळी उठते. महाराज उठून उभे राहतात आणि कत्तल थांबवतात. त्याच दिवशी काही कैद्यांना जबर शिक्षा झाल्या, कुणाचे हात गेले, हेही इंग्रजांच्या कागदांत आहे. या मातीवर उभं राहून वाचायचं तर दोन्ही ओळी वाचाव्या लागतात.

रात्री आग लागते. विरजी व्होराचा वाडा जळतो. हाजी सईद बेग या दुसऱ्या बड्या व्यापाऱ्याची कोठारं फुटतात. घोड्यावर लादता येईल ते, म्हणजे सोनं, रुपं, मोती, जवाहीर, बाहेर पडतं. किल्ल्यावरच्या तोफाही डागल्या जातात आणि त्यांचे गोळे शहरातल्याच घरांवर पडतात. पण काही दारं शाबूत राहतात. फादर अँब्रोज या कॅपुचिन धर्मगुरूच्या मठाला हात लागत नाही. डचांच्या एका दिवंगत दलालाच्या घरालाही नाही, कारण तो दानधर्म करणारा माणूस होता असं महाराजांच्या कानावर आलं होतं. त्या काळात हिंदुस्तानात असलेल्या बर्निए या फ्रेंच प्रवाशानं हे लिहून ठेवलं आहे.

रविवारी, 10 तारखेला, मुघल फौज येत असल्याची खबर लागते आणि छावणी उठते. तुम्ही अजून चौकातच आहात, हे बरं झालं. कारण आता जे घडतं ते आपल्या धड्यात नाही. आठवडाभरानं मुघल सैन्य पोचल्यावर इनायत खान किल्ल्यातून बाहेर येतो. ज्यांची घरं जळाली ते लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. कुणीतरी शिवी हासडतं, कुणी मूठभर चिखल उचलून त्याच्या अंगावर फेकतं, मग बरेच जण फेकू लागतात. सुभेदाराच्या मुलाला ते सहन होत नाही. तो बंदूक उचलतो आणि गर्दीतल्या एका गरीब हिंदू व्यापाऱ्याला गोळी घालतो.

त्या चिखलाची मूठ नीट पाहून घ्या. सुरतेनं आपला दोषी त्याच दिवशी ओळखला होता. दारात आलेल्या शत्रूशी तिचं वैर होतंच. पण पगार खाऊन शहर उघडं टाकणाऱ्या माणसावर तिनं चिखल फेकला. कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजी दफनभूमीत ऑक्झंडन बंधूंची घुमटाची, दुमजली, थोरली कबर आजही उभी आहे. गोळी लागलेल्या व्यापाऱ्याचा दगड कुठेच नाही. ज्यांचा दगड नाही त्यांना शोधणं, हेच गावाच्या इतिहासाचं काम.

मार्च 1775

पुढचा थांबा लहान आहे, पण टाळता येणार नाही.

1670 साली महाराज पुन्हा आले होते. तोवर औरंगजेबाच्या हुकमानं विटांचा तट बांधायला काढला होता, तरी शहर पुन्हा लुटलं गेलं. व्यापार हळूहळू मुंबईकडे सरकू लागला, 1687 मध्ये इंग्रजांनी आपलं मुख्य ठाणंही तिकडे नेलं, आणि 1759 मध्ये सुरतेचा किल्ला त्यांच्या ताब्यात आला. आता 1775 चा मार्च आहे आणि किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण आहे.

आज शहरात एक मराठी माणूस मदत मागायला आला आहे. रघुनाथराव पेशवे. अटकेपर्यंत घोडी नेणारे राघोबादादा. पुतण्या नारायणराव याचा शनिवारवाड्यात खून होऊन दीड वर्ष झालं, कारभाऱ्यांनी त्यांना गादीवरून दूर केलं, आणि आता ते मुंबईकर इंग्रजांशी तह करताहेत. अडीच हजार फौज मिळणार, बदल्यात साष्टी आणि वसई जाणार. याच वसईसाठी छत्तीस वर्षांपूर्वी चिमाजीअप्पांनी आणि त्यांच्या माणसांनी जीव पणाला लावला होता.

तुम्ही मसुद्याचं मराठी वाचू शकता, शाई वाळलेली नाही, आणि काही करू शकत नाही. या तहानं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. एकशे अकरा वर्षांपूर्वी ज्या शहराच्या दारात एका मराठी माणसाचं नाव ऐकून लोक नदीत उतरले, त्याच शहरात दुसरा मराठी माणूस सह्या करतो आहे. पुढे चला.

जून 1844

पाऊस तोंडावर आहे. शहर थकलेलं दिसतं. सात वर्षांपूर्वी, 1837 च्या एप्रिलात, मच्छलीपीठेतून उठलेल्या आगीनं हजारो घरं खाल्ली, आणि त्याच वर्षी तापीचा पूर आला. व्यापारी मुंबईला गेले, मागे जळकी जोती राहिली. पण एका घरात दिवा आहे आणि तिथे वाद रंगलाय. चपला बाहेर काढा आणि मागे बसा.

समोर बसलेत दुर्गाराम मंछाराम, सगळं गाव ज्यांना दुर्गाराम मेहताजी म्हणतं. शाळामास्तर आहेत आणि भूतपिशाच्चाच्या धंद्यावर उघड बोलतात. मंत्रानं माणूस मारता येतो असा कुणाचा दावा असेल, तर त्यानं तो माझ्यावर चालवून दाखवावा, असं त्यांचं आव्हान आहे. त्यांच्या शेजारचे गृहस्थ गुजराती बोलताहेत, पण तुमच्या कानाला त्यातला मराठी वळसा लगेच कळतो. हे दादोबा पांडुरंग तर्खडकर. मुंबईत जन्मलेले, वय तीस. वयाच्या बाविसाव्या वर्षी, 1836 मध्ये, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापलं. पुढे मराठी शाळेतल्या पिढ्यानुपिढ्या त्याच व्याकरणावर वाढल्या. सुरतेत ते इंग्रजी शाळेचे शिक्षक म्हणून आले आणि इथल्या माणसांत मिसळून गेले.

22 जून 1844 रोजी या मंडळींनी मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक, माणसाची जात एक, धर्म एक, आणि माणूस मोठा ठरतो तो जन्मानं नव्हे, गुणांनी. आज ही वाक्यं सोपी वाटतात. 1844 च्या सुरतेत ती उघड्या सभेत बोलणं म्हणजे जातीबाहेर पडायची तयारी ठेवणं. सभा रविवारी भरते, कुणीही यावं, कुणीही प्रश्न विचारावा. विधवांनी पुन्हा लग्न का करू नये, हा प्रश्न दुर्गाराम स्वतः विचारतात. बाहेर पावसाची पहिली सर येते, पागोळ्यांचा आवाज वाढतो, आणि आतले सगळे आवाज एकेक पट्टी वर चढवतात.

याच वर्षी ऑगस्टात सरकार मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून रुपयावर नेईल, आणि हेच थकलेलं शहर दुकानं बंद करून रस्त्यावर उतरेल. दांडीच्या आधी शहाऐंशी वर्षं. दांडी इथून फार लांबही नाही.

दादोबा काही वर्षांत मुंबईला परततात, दुर्गारामांची बदली होते आणि सभा मावळते. पण मुंबईत 1849 मध्ये परमहंस सभा उभी राहते, जिथे वेगवेगळ्या जातींची माणसं एका पंक्तीला बसून खातात. तिच्या मुळाशी दादोबाच आहेत. महाराष्ट्रातल्या धर्मसुधारणेचा इतिहास आपण मुंबई-पुण्यापासून सुरू करतो. त्याची एक तालीम सुरतेच्या या खोलीत, गुजरातीतून झाली. सुरतेहून मराठी माणसानं काय नेलं, असं कुणी विचारलं, तर मोत्यांच्या आधी या खोलीचं नाव सांगा.

27 डिसेंबर 1907

आता तुम्ही मंडपात आहात. तापीकाठची फ्रेंच बाग, राष्ट्रीय सभेचं तेविसावं अधिवेशन, सोळाशेच्या आसपास प्रतिनिधी आणि हजारोंची गर्दी. अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं, पण तिथे जहालांचा जोर दिसला म्हणून नेमस्तांनी ते सुरतेला आणलं. फेरोजशहा मेहतांचं वजन इथे जास्त. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे कलकत्त्याला मंजूर झालेले चार ठराव इथे पातळ केले जाणार, अशी टिळकांच्या लोकांना धास्ती आहे. काल सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलायला उभे राहिले आणि गोंधळ इतका झाला की सभा उठवावी लागली.

वऱ्हाड-नागपूरच्या प्रतिनिधींमध्ये बसा. इथे लाल पगड्या आहेत, उपरणी आहेत, आणि कालपासून बसलेले घसे आहेत. दुपारी काम सुरू होतं. सुरेंद्रनाथांचं भाषण आज पुरं होतं, मोतीलाल नेहरू अनुमोदन देतात, अध्यक्ष म्हणून रासबिहारी घोष यांचं नाव जाहीर होतं. टिळकांनी आधीच एक चिठ्ठी पाठवली आहे, सभा तहकुबीची सूचना मांडायची म्हणून. चिठ्ठीला उत्तर नाही. टिळक उठतात, व्यासपीठाच्या पायऱ्या चढतात आणि अध्यक्षांच्या पुढ्यात, हाताची घडी घालून, श्रोत्यांकडे तोंड करून उभे राहतात.

घोष सांगतात, तुमची सूचना नियमाबाहेर आहे. टिळक हलत नाहीत. व्यासपीठावरचे काही तरुण त्यांना ओढून खाली काढायला धावतात. तेव्हा एक माणूस पुढे येतो आणि दोन्ही हात पसरून टिळकांच्या आड उभा राहतो.

तो गोपाळ कृष्ण गोखले आहे.

इथे वेळ थांबवा. दोघांनाही नीट पाहा. टिळक एक्कावन्न वर्षांचे, गोखले एक्केचाळीस. एकाच डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दोघांनी उमेदीची वर्षं घातली, आणि आता गेली सतरा-अठरा वर्षं ‘केसरी’त, सभांत, सार्वजनिक सभेच्या कारभारात ते समोरासमोर आहेत. संमतिवयाच्या कायद्यावर भांडले, प्लेगच्या वेळी दुरावले, आज तर पक्षच दोन आहेत. तरी अंगावर धावून येणाऱ्या पोरांसमोर गोखल्यांचे हात आपसूक उघडले. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार तिथे बसला होता; त्यानं ते हात पाहिले आणि आपल्या पुस्तकात नोंदवले. मतभेद कुठवर न्यायचे आणि कुठे थांबवायचे, हे महाराष्ट्राला शिकायचं असेल, तर त्यानं या एका क्षणापाशी पुन्हा पुन्हा यावं.

आता वेळ सोडा. हवेतून काहीतरी भिरभिरत येतं : लाल चामड्याचा, टोकदार, तळाला शिसं ठोकलेला मराठी जोडा. सुरेंद्रनाथांच्या गालावर तो बसतो आणि फेरोजशहांना चाटून जातो. मग खुर्च्या उडतात, काठ्या निघतात, पोलीस मंडप रिकामा करतात. राष्ट्रीय सभा फुटली. दुसऱ्या दिवशी नेमस्तांनी वेगळी परिषद घेतली, जहालांनी वेगळी. सहा महिन्यांनी टिळकांना अटक झाली आणि ते सहा वर्षं मंडालेला गेले. 1915 मध्ये गोखले वारले. 1916 ला लखनौमध्ये सभा पुन्हा एक झाली, ती पाहायला गोखले नव्हते.

बाहेर पडताना सुरतेच्या माणसांकडे पाहा. महिनाभर खपून त्यांनी मंडप घातला, पाहुण्यांच्या राहण्याजेवण्याची सोय केली. भांडण बाहेरगावचं, मोडलेल्या खुर्च्या त्यांच्या.

आज संध्याकाळ, लिंबायत

दिवस कलला. रिक्षा आता जुन्या शहराबाहेर, उधना आणि लिंबायतकडे घ्या. ज्या उधन्याला 1664 साली महाराजांचं घोडदळ थांबलं, तिथे आता जंक्शन आहे. विसाव्या शतकाच्या तोंडाशी इथून ताप्ती व्हॅली रेल्वेची लाइन निघाली : बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, भुसावळ. नवापूर स्टेशनाचा निम्मा फलाट गुजरातेत आहे आणि निम्मा महाराष्ट्रात. सकाळी सांगितलेली बुऱ्हाणपूरची वाट ती हीच, आता रुळांवरून जाणारी. तापी ज्या मुलखातून वाहत येते, त्याच मुलखातली माणसं या गाडीनं आली.

रिक्षातून उतरा आणि कान उघडे ठेवा. चहाच्या गाडीवर कुणी विचारतंय, ‘कसा शे भाऊ?’ हे अहिराणी आहे. दुकानांच्या पाट्यांवर पाटील, महाजन, सोनवणे, चौधरी. पुढच्या गल्लीत लूमचं खातं आहे, आणि ते दिसायच्या आधी पायांना कळतं, कारण रस्ता थरथरतोय. दारातून आत वाकून पाहा. दोन लूमच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, हवेत तंतूंची पूड, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. कारीगराची नजर एकाच वेळी चार लूमवर. तार तुटली की लूम बंद पडते, तो वाकतो, दोन बोटांत टोकं धरून गाठ मारतो आणि पुन्हा खटका दाबतो. गाठ मारायला त्याला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही. बारा तासांची पाळी. कापडाचा तागा निघाला की त्यावर मजुरी. इथून निघालेलं ग्रे कापड प्रोसेसिंगला जातं, मग रिंग रोडच्या मार्केटमधून देशभर जातं, आणि त्यातलं काही धुळ्याच्या किंवा अमळनेरच्या बाजारात साडी होऊन याच कारीगराच्या बहिणीच्या हातात पडतं.

इथे मराठी माणसं लाखांच्या घरात आहेत. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. श्रावणात घराघरात कानबाई बसते, नारळाला मुखवटा आणि दागिने चढतात, रोट होतात, रात्र जागते, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन तिला वाजतगाजत पाण्यात सोडतात. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगची बातमी फुटली तेव्हा हीच माणसं मिळेल त्या गाडीच्या दारात लटकून गावाकडे पळाली. गावच्या वेशीवर काहींकडे संशयानं पाहिलं गेलं. मग ती परत आली. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा तापीनं इथल्या लाखो घरांतलं होतं नव्हतं ते नेलं. तेव्हाही ती परत आली.

आता सकाळची अट आठवून स्वतःला विचारा, यातलं कुठे लिहिलं आहे? 1664 चे सहा दिवस इंग्रजांनी लिहिले, डचांनी लिहिले, बर्निएनं लिहिले. 1907 ची दुपार नेव्हिन्सननं लिहिली. लिंबायतची पन्नास-साठ वर्षं मराठी माणसांनी सुरतेत घालवलेल्या कोणत्याही काळाहून मोठी आहेत. या काळात त्यांनी लूट केली नाही, तह केला नाही, जोडे फेकले नाहीत. कापड विणलं आणि शहर उभं केलं. आणि याच काळाचं दप्तर जवळजवळ कोरं आहे.

सुरतेला याचं उत्तर माहीत आहे. नर्मद, आधुनिक गुजरातीचा आद्य कवी, 1833 मध्ये याच शहरात जन्मला. कवितेइतक्याच निष्ठेनं त्यानं आपल्या शहराचा इतिहास लिहिला, ‘सुरतनी मुख्तेसर हकीकत’, आणि त्यासाठी गावातल्या माणसांकडून, कागदांतून, आठवणींतून माहिती गोळा केली. आमलीरानमधलं त्याचं घर जपून ठेवलेलं आहे. त्यानं कुणा बाहेरच्या इतिहासकाराची वाट पाहिली नाही.

तेच इथे व्हायला हवं, आणि त्याला मोठा मांडव लागत नाही. एखाद्या मराठी शाळेचं अंगण पुरे. रविवारची सुट्टी, सतरंज्या, एक टेबल, आणि येताना प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणायची. कुणाचं पहिलं रेशनकार्ड, कुणाची लूमच्या खात्यातली मजुरीची वही, कुणाचा कानबाईचा जुना फोटो, कुणाकडे पुराचं पाणी कुठवर चढलं त्याची भिंतीवरची खूण आहे तर तिचा फोटो. शाळेतल्या मुलींनी आणि मुलांनी समोर बसून विचारायचं आणि लिहून घ्यायचं. तुम्ही कोणत्या साली आलात? कोणत्या गाडीनं? पहिली रात्र कुणाच्या खोलीत काढली? त्या खोलीत किती जण होते? पहिल्या पगारातून गावी काय पाठवलं? चौऱ्याण्णव साली पळालात, तेव्हा परत का आलात?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. 1664 मध्ये सुरतेत आलेले मराठे सहाव्या दिवशी निघून गेले. राघोबादादा तह करून गेले. दादोबा नोकरी बदलून गेले. टिळक सभा मोडल्यावर गेले. प्लेग आणि पूर सोसून परत आलेली, इथे राहिलेली आणि पोराबाळांसह सुरती झालेली पहिली मराठी पिढी ही आहे. तिच्यातले जे सत्तरच्या दशकात विशीत होते ते आज सत्तरीत आहेत. कानांनी लूमच्या आवाजाला जन्मभर साथ दिली, आता ते कमी ऐकतात. पण विचारलंत तर सगळं सांगतात. त्यांना मोठ्यानं विचारा, आणि याच वर्षी विचारा.